ताब्याचा दावा आणि तारखांची वही



मागच्या भाषणात आम्ही वारस नोंदीबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच प्रश्न आला. सातबाऱ्याला नाव लागलं, पण रान दुसराच कसतोय, आता काय करायचं? त्याचं उत्तर आम्ही पुस्तकातून सांगणार नाही. आमच्या गटातल्या एकीच्या दाव्यापायी आम्ही चार वर्षं तालुक्याच्या कोर्टात जातोय. तिथं काय काय चुकलं ते सांगतो. आमच्यात वकील कुणी नाही. निम्म्या जणी सही करणाऱ्या, बाकीच्या अंगठा देणाऱ्या. पण कोर्टाच्या बाकावर बसून बसून काही गोष्टी अंगावर आल्या, त्या कळल्या.

जिचा दावा आहे तिला आम्ही आक्का म्हणतो. नवऱ्याच्या नावावर दोन एकराचा तुकडा होता. नवरा आजारी पडला, दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही दादाच्या दवाखान्याचं बघा, रानाचं मी बघतो." दोन वर्षं त्यांनी रान बघितलं आणि अर्धा माल आक्काच्या घरी आणून टाकला. खोटं कशाला सांगायचं, माणूस वाईट नव्हता. पुढे नवरा वारला. आक्काचं आणि मुलांचं नाव सातबाऱ्याला लागलं. त्या सालची सोयाबीन आक्कानं स्वतः पेरली, आम्ही खुरपणीला गेलो, मळणीला गेलो. पुढच्या मृगाला मात्र भल्या सकाळी दिरांचा ट्रॅक्टर रानात शिरला. मधला बांध मोडला, पेरणीही झाली. आक्का धावत गेली तर म्हणाले, "दादानं हा तुकडा मला तोंडी दिलाय. आणि तीन वर्षं वहिवाट माझीच आहे की."

पहिली चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. म्हटलं, भावकीतलं आहे, भावकीत मिटवू. आषाढात बैठक झाली, ते आले नाहीत. गणपतीत झाली, आले, चहा पिऊन गेले. दिवाळीला म्हणाले, पीक निघू दे मग बोलू. पीक निघालं, संक्रांत झाली, मग आम्ही वकिलांकडे गेलो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ट्रॅक्टर कोणत्या तारखेला घातला?" आम्ही म्हटलं, मृगात. त्यांनी बोटं मोजली आणि पेन खाली ठेवलं. सहा महिने होऊन गेले होते.

हे सहा महिने काय आहेत ते नीट ऐका. विशिष्ट दिलासा कायदा, 1963 मध्ये कलम 6 आहे. कायद्याची वाट न धरता, तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी तुम्हाला जमिनीतून हुसकलं, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत. तुमचा ताबा होता आणि तो जबरदस्तीनं गेला, एवढंच बघतात. मालकीचं भांडण नंतर वेगळ्या दाव्यात लढायला दोघंही मोकळे असतात. या निकालावर अपील नाही, म्हणून दावा लांबायची भीती कमी. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही. दुसरी वाट तहसीलदारांची. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून शेतीचा गेलेला ताबा परत मागता येतो, अडवलेली वाट किंवा पाणी मोकळं करून घेता येतं. तिथंही मुदत सहाच महिने.

या दोन्ही वाटा आम्ही चहा पीत पीत बंद करून घेतल्या. मिटवायला बसू नका असं आम्ही म्हणत नाही. बैठक घ्या, दहा घ्या. पण ज्या दिवशी रान गेलं ती तारीख भिंतीवर लिहा आणि तिथून पाच महिने मोजून दुसरी तारीख लिहा. त्या दुसऱ्या तारखेपर्यंत मिटलं नाही तर सरळ तालुक्याला जायचं.

सहा महिने गेले म्हणजे जमीन गेली, असं नाही हं. मालकीच्या आधारानं ताबा मागायला मुदत कायद्यानं बारा वर्षं दिलीत. पण तो दावा लांबतो, कारण तिथं मालकीही सिद्ध करावी लागते.

दुसरी चूक दाव्यातच झाली. आक्काच्या वतीनं पहिल्यांदा जो दावा लागला तो मनाई हुकमाचा. म्हणजे कोर्टाला सांगितलं, "रान माझ्या ताब्यात आहे, दिरांना हरकत करू देऊ नका." लवकर हुकूम मिळेल म्हणून तसं लिहिलं. पण दावा लागला तेव्हा रानात दिरांचा हरभरा उभा होता. त्यांच्या वकिलांनी फोटोच काढून आणले. कैफियतीत, म्हणजे त्यांच्या लेखी उत्तरात, म्हटलं की बाईचा ताबाच नाही, मग मनाई कसली मागते?

मैत्रिणींनो, मागायचं काय यावरून दाव्याचे प्रकार ठरतात. ताबा तुमचा आहे आणि कुणी त्रास देतोय, तर मनाई मागा. ताबा गेलाय, तर ताबाच मागावा लागतो, नुसती मनाई पुरत नाही. आणि समोरचा तुमच्या मालकीवरच शंका घेत असेल, तर आधी मालकी ठरवून मागावी लागते, तिला वकील डिक्लरेशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये वरंगळच्या एका प्रकरणात हे उलगडून सांगितलं. तिथं म्हणणं असं होतं की भावानं बहिणीला लग्नात हळदकुंकवासाठी म्हणून तोंडी जमीन दिली होती. बहिणीनं ती विकली. पुढे तीच जमीन भावानंही दुसऱ्याला विकली. बहिणीकडून घेणाऱ्यांनी नुसता मनाईचा दावा लावला होता. न्यायालयानं म्हटलं, इथं मालकीचाच गुंता आहे, तो मनाईच्या दाव्यात सुटायचा नाही. आपल्याकडेही चोळीबांगडीला म्हणून तोंडी दिलेल्या जमिनी आहेत. त्यांचे कागद कुणाकडे आहेत, हे एकदा आपापल्या माहेरी विचारा.

आक्काच्या दाव्यात मग दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला. साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधी अशी दुरुस्ती बहुतेक वेळा मिळते, नंतर फार अवघड होते. दिरांच्या बाजूनं हरकत घेतली, तारखा पडल्या. दहा महिने गेले तेव्हा अर्ज मंजूर झाला. आम्ही पेढे वाटले. कोर्टातल्या कारकुनांनी हळूच विचारलं, "दुरुस्ती दाव्यात लिहून घातली का?" तेव्हा कळलं की मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. कोर्टानं वेगळी मुदत दिली नसेल तर चौदा दिवसांच्या आत मूळ दाव्यात ती दुरुस्ती लिहून घालावी लागते. आमचा बारावा दिवस होता. धावतपळत काम झालं.

दाव्याबरोबर तातडीचा जो अर्ज असतो, त्याला आपल्याकडच्या कोर्टात निशाणी पाच म्हणतात. निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई द्या, असा तो अर्ज. त्यावर हुकूम झाला "जैसे थे". बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, जिंकलो. पाठोपाठ दीर बाहेर आले, तेही हसत. त्यांच्या मते जैसे थे म्हणजे रान त्यांच्याकडे तसंच. आमच्या मते जैसे थे म्हणजे कुणीच शिरायचं नाही. पुढच्या पेरणीला ते पुन्हा शिरले. पोलिसांत गेलो तर म्हणाले, हुकमात कोणाचा ताबा ते लिहिलेलं नाही, आम्ही कुणाला अडवायचं? त्यांचंही चूक नव्हतं. म्हणून आता आम्ही सगळ्यांना सांगतो, जैसे थे असा हुकूम झाला तर तिथल्या तिथं वकिलांना विचारा, म्हणजे नक्की कसं? पेरायचं कुणी, काढायचं कुणी, मोटार कुणी चालवायची? हे हुकमात स्पष्ट करून घ्या. स्पष्ट हुकूम असून तो मोडला, तर मोडणाऱ्याविरुद्ध त्याच कोर्टात अर्ज करता येतो. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, दिवाणी तुरुंगवासही होऊ शकतो.

पोलिसांचं निघालंच आहे तर आणखी एक. ट्रॅक्टर घातला त्याच दिवशी आक्का ठाण्यात गेली होती. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" म्हणून एक अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. आम्हाला तो कागद बिनकामाचा वाटला, दोन वर्षं तो पत्र्याच्या पेटीत पडून होता. पुढे तोच कामाला आला, कारण रान कोणत्या तारखेला गेलं त्याचा तो एकच सरकारी शिक्क्याचा पुरावा होता.

आता वहिवाटीच्या पुराव्याचं. सातबारा महत्त्वाचा आहेच. महसूल कायद्यात तसं म्हटलंय की त्यावरची नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरायची. पण सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा कागद नाही, आणि रान कोण कसतंय हे त्यावरून दर वेळी कळतं असंही नाही. आक्कानं पेरलं त्या सालच्या बियाण्याच्या पावतीवर नाव काय होतं? "रोख." खताच्या पावतीवर पोराचं नाव, सोयाबीन विकली त्या आडत्याच्या पट्टीवरही पोराचं नाव. बाई राबते आणि पावती मुलाच्या नावानं फाटते, हे आपल्या हातानं आपण करतो. दुकानदाराला थांबवून सांगायचं, माझं नाव लिहा. 2021 पासून पिकाची नोंद मोबाइलवर आपली आपण करता येते, ती ई-पीक पाहणी. ज्या खात्याला आपलं नाव आहे तिथली नोंद दर हंगामाला स्वतः करा, फोटो रानात उभं राहून काढा.

कागद नव्हते, मग साक्षीदार कोण? आम्ही. खुरपणीला गेलेल्या बाया. आमच्यातल्या दोघींची साक्ष होणार आहे. आधी लेखी शपथपत्र द्यावं लागतं, मग समोरचे वकील उलटतपासणी घेतात. एकीनं शपथपत्र तयार झाल्यावर अंगठा द्यायला हात पुढे केला. आम्ही तिचा हात धरला. म्हटलं, आधी वाचून दाखवा. वाचलं तर त्यात लिहिलेलं, "मी सदर जमिनीच्या चतुःसीमा जाणते." तिला चतुःसीमा हा शब्दच माहीत नव्हता. उलटतपासणीत तोच विचारला असता तर ती तिथंच अडकली असती. वकिलांनी वाक्य बदललं. उगवतीला ओढा, मावळतीला कुणाचं रान, असं तिच्या बोलीत लिहिलं. ते तिला झोपेतसुद्धा सांगता येतं.

"तीन वर्षं माझी वहिवाट आहे" या दिरांच्या म्हणण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याला उत्तर म्हणून वकिलांनी गोव्यातल्या एका बहीण-भावाचा निकाल जोडलाय. घर बहिणीचं. नवरा नौदलात, म्हणून ती बाहेरगावी, आणि घरात भाऊ राहत होता. पुढे भाऊच ताबा माझा म्हणून कोर्टात गेला. खालच्या कोर्टांनी त्याची बाजू घेतली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निकाल फिरवले. सांभाळायला म्हणून ठेवलेला माणूस कितीही वर्षं राहिला, तरी त्याचा ताबा हा मालकाच्या वतीनंच असतो, त्याला त्यातून हक्क मिळत नाही. आणि ताबा सांगणाऱ्यानं नुसतं "माझा ताबा" म्हणून भागत नाही. कधी आला, कुणी दिला, कशाच्या बदल्यात दिला, हे त्यानं सविस्तर लिहून द्यायला हवं. आक्काच्या दिरांच्या कैफियतीत तोंडी दिल्याची तारीखच नाही. "रानाचं मी बघतो" हे त्यांचे शब्द आम्ही तिघींनी ऐकलेत.

आता जे सांगायला जड जातं ते सांगतो. तिसऱ्या वर्षी आक्काचे दीर वारले. अचानक, झोपेतच. सगळं गाव गेलं, आम्हीही गेलो. आक्का दहाव्याला होती, तेराव्याला तिनं पंगतीत वाढलं. त्या दिवशी कुणाला कोर्ट आठवलं नाही, आणि आठवायची ती वेळही नव्हती. पण पुढच्या तारखेलाही वकिलांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. चौथ्या महिन्यात समोरच्या वकिलांनी प्रतिवादी मयत असल्याची पुरशिस दिली. आमचे वकील आमच्याकडे बघायला लागले.

दाव्यातला माणूस वारला तर त्याचे वारस नव्वद दिवसांच्या आत दाव्यावर घ्यावे लागतात. घेतले नाहीत तर त्याच्याविरुद्धचा दावा आपोआप थांबतो, त्याला कोर्टात "अबेट झाला" म्हणतात. हुकूम काढायचीही गरज नसते. त्यानंतर साठ दिवसांत तो पुन्हा उभा करायचा अर्ज देता येतो. तेही गेले तर प्रत्येक दिवसाच्या उशिराचं कारण सांगून विलंब माफीचा अर्ज द्यायचा. आम्ही त्या साठ दिवसांत बसलो. समोरून हरकत आली. बाई तेराव्याला पंगतीत वाढत होती, तिला मृत्यू माहीत नव्हता असं कसं म्हणता? खरंच होतं. आम्ही तसं म्हटलंही नाही. मृत्यू माहीत होता, तो कोर्टाला सांगावा लागतो हे माहीत नव्हतं, असंच लिहून दिलं. पाचशे रुपये खर्च भरायच्या अटीवर अर्ज मंजूर झाला.

पण वारस कोण? पहिल्या यादीत आमच्याकडून दिरांचे दोन मुलगेच लिहिले गेले होते. बायको नाही, सासरी गेलेल्या दोन मुली नाहीत. मुलींच्या हक्कावर आम्ही इतक्या वेळा बोललो, आणि वारसांची यादी द्यायची वेळ आली तेव्हा आमच्याच तोंडून मुलगे निघाले! विधवा, मुलगे, मुली, सगळे सारखे वारस. यादी दुरुस्त करावी लागली.

आणि दिरांची बायको, म्हणजे आक्काची जाऊ, आमच्याच गटात आहे. हप्ता भरायला आक्काच्या शेजारी बसणारी. तिच्या दारात बेलिफ समन्स घेऊन गेला. मुलगे म्हणाले, सही करू नको, आत जा. ती संध्याकाळी आमच्याकडे आली आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, सही करू का नको?"

आम्ही गप्प झालो. तिनं समन्स चुकवलं तर आक्काच्याच बाजूनं एकतर्फी काम चालायची वाट उघडत होती. काही जणींना वाटलं, बोलू नये. पण दोघीही आमच्याच. तेव्हा तिला खरं ते सांगितलं. समन्स घ्यायचं नाकारलं म्हणून दावा थांबत नाही. बेलिफ ते दारावर डकवून जातो, आणि नाकारणं म्हणजे मिळालं असंच धरतात. मग हजर राहिली नाहीस तर तुझं म्हणणं न ऐकता हुकूमनामा होऊ शकतो, आणि तो रद्द करून घ्यायला तीसच दिवस असतात. समन्स घेतलंस तर म्हणणं द्यायला तीस दिवस मिळतात, कोर्टानं वाढवले तर नव्वदपर्यंत. घरातला पुरुष नसेल तर घरातल्या जाणत्या बाईकडेही समन्स देता येतं. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत ते पुरुषाकडेच द्यायचं असा नियम होता. तिला आम्ही आणखी एक सांगितलं. बाईला, मग तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा कायदा, 1987 खाली सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन करायचा तर 15100. आक्काला हे माहीत होईपर्यंत तिचं डोरलं मोडून झालं होतं. जावेला पहिल्या दिवशी माहीत झालं.

तिनं सही केली. आता तिचाही वकील आहे. दोघी एकाच एस.टी.नं तारखेला जातात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. येताना कधी बोलतात, कधी नाही.

आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत आता मागून उलटी पानं सुरू केलीत. तारीख, त्या दिवशी काय झालं, पुढच्या वेळी काय न्यायचं, कुणाला काय कळवायचं. वरती दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहिलाय. शिकलेली पोरगी तो मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घालून पुढची तारीख बघते. एकदा पावसात ओढा आला आणि कुणीच पोहोचलं नाही, तर दावा गैरहजेरीत काढून टाकला होता. तीस दिवसांत अर्ज देऊन तो परत घेतला. त्या दिवशीची नोंद वहीत लाल पेनानं आहे.

मोडलेला बांध नक्की कुठं होता, यावर आता मोजणी होणार आहे. भूमी अभिलेखचा माणूस कोर्ट कमिशनर म्हणून येईल. ताबा कुणाचा हे ठरवायला सहसा कमिशनर नेमत नाहीत, पण हद्द आणि अतिक्रमण मोजायला नेमतात. मोजणीची नोटीस दोघींना आली आहे. येत्या मंगळवारी सकाळी नऊला आम्ही रानात असू. जुना दगड ओढ्याच्या कडेला झुडपात होता, तो दोन म्हाताऱ्या दाखवणार आहेत. जाऊसुद्धा येणार आहे. पाण्याची कळशी आमच्याकडून, चहा तिच्याकडून, असं ठरलंय.